पिलाच्या पाठीच्या उंचीवर

४ डिसेंबर

पोरी,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. जाताना तू बजावलं होतंस की तुमच्याकडून मला फक्त मफलरची खबर हवी, बाकी काही नको. तर ही मफलरची खबर. तुझा फोन मला लागत नाही, माझ्या नंबरचं तू काय करून ठेवलं आहेस कोण जाणे, म्हणून टपालाचा मार्ग धरला आहे. पोस्टातला कारकून पाकीट हातात घेऊन माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याला कोंबडीचं अंडं वजन करायला दिलं आहे.

मफलर ठणठणीत आहे. तू तुझा साप आमच्या गळ्यात घालून निघून गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, तुझी आई आठ दिवसांत त्याला कुणाच्या तरी हवाली करेल. पण झालं उलटंच. तिची खुर्ची आता त्याच्या काचेच्या पेटीला लागून असते आणि सकाळी ती त्याला पेपर वाचून दाखवते. अग्रलेख वाचताना तो डब्यात शिरतो, असं तिचं निरीक्षण आहे.

इकडे थंडी सुरू झाली आहे. खिडक्यांच्या फटीत मी कापड कोंबलं. त्याच दिवशी पेटीतली तुझी उबेची व्यवस्थाही नीट बघितली आणि स्पष्ट सांगायचं तर मला ती पसंत पडली नाही. डाव्या बाजूला तळाशी काळी गरम चटई, तिच्यावर भोक पाडलेला लाकडी डबा उपडा, इथवर ठीक. पण थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाचा सेन्सर तू थेट चटईलाच चिकटपट्टीने डकवून टाकला होतास. जमिनीचा ताप कुणी मोजतं का? जीव ज्या हवेत असतो त्या हवेचा ताप मोजायचा असतो. एकतीस वर्षं मी उबवणी केंद्रात लाखो पिलांना ऊब दिली आहे. तिथे मला पाठीमागे सगळे 'खुडूक' म्हणायचे हे तुलाही माहीत आहे, पण खुडूक कोंबडीइतकं उबेतलं दुसऱ्या कुणाला कळत नाही. आमच्याकडे तापमापक पिलाच्या पाठीच्या उंचीवर टांगायचे. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवायचो.

तेव्हा मी ती पट्टी काढली आणि सेन्सर तारेच्या एका आकड्याला लावून चटईच्या चार बोटं वर टांगला. तू ठेवून गेलेल्या कागदावर 'सेन्सर हलवू नका' असं लिहून खाली लाल रंगाने दोन रेघा मारल्या आहेस, ते मी वाचलं. राग मानू नकोस. बापाला काही गोष्टी तुझ्याआधीपासून कळतात.

आणि उजवीकडचा दुसरा डबाही काढून टाकला. एका जिवाला दोन घरं कशाला? इथे माणसांना एक मिळताना मारामार. त्या डब्यात आता माझे स्क्रू छान बसतात.

आईचं बरं आहे. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. जाताना मी जे बोललो ते बोललो, त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही, कारण तू फक्त मफलरची खबर मागितली आहेस.

बाबा


१७ डिसेंबर

पोरी,

तुझा निरोप आईच्या फोनवर आला. 'सेन्सर कुठे आहे?' तीन शब्द. तार करायच्या जमान्यातसुद्धा माणसं याहून जास्त लिहायची. असो. सेन्सर जागेवर आहे, काळजी नसावी.

मफलरचं उत्तम चाललं आहे. त्याला आता आंघोळीचा नाद लागला आहे. दिवसाचे चार-चार तास पाण्याच्या कुंडीत अंग बुडवून पडलेला असतो, फक्त डोकं बाहेर. तुझी आई म्हणते, पेन्शनवर गेलेल्या माणसासारखा दिसतो. हा टोमणा कुणाला होता ते मी विचारलं नाही.

कुंडीतून निघाला की तो थेट डब्यात शिरतो आणि स्वतःला घट्ट गुंडाळून घेतो. हे मात्र मला बरोबर समजतं. पिलं दिव्याखाली एकमेकांना चिकटून गोळा झाली की समजायचं, त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळून चोची उघडून बसली की ताप जास्त झाला. सगळीकडे पांगून दाणे टिपत असली की आपण चहा प्यायला मोकळे. मला त्यासाठी कधी काटा बघावा लागला नाही, दारातून एक नजर टाकली की पुरे. मफलर गोळा होऊन बसतो म्हणजे त्याला गारठा लागतो आहे. म्हणून थर्मोस्टॅट बत्तीसवरून चौतीसवर नेला आहे.

गेल्या दोन वेळा त्याने उंदीर खाल्ला नाही. तू बर्फात ठेवून गेलेल्यातलाच, कोमट करून चिमट्याने समोर धरला तरी तोंड फिरवलं. थंडीत भूक मंदावते असं ऐकून आहे. आईचं म्हणणं, तो मलूल दिसतो. आईला तर पडदेसुद्धा मलूल दिसतात.

तुझ्या कारखान्यात रंग जुळवायचं काम असतं असं ती सांगत होती. दोन डब्यांतला पिवळा सारखा आहे की नाही हे म्हणे तू नुसत्या नजरेने ओळखतेस. नजर तू माझ्याकडून घेतली आहेस.

बाबा


२८ डिसेंबर

पोरी,

आधीच सांगतो, घाबरण्यासारखं काही नाही.

मफलरच्या पोटावर थोडी लाली आली आहे. ती गरम चटई सदोष निघाली. आजकालचा माल तुला माहीतच आहे, वर चकचकीत आणि आत सगळा आनंद. तिचा ताप मध्येच वाढला असणार. मी वेळीच लक्षात आणून दिलं आणि त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी मलम दिलं आहे, पेटीतला भुसा काढून कागद अंथरायला सांगितला आहे आणि नवीन चटई बसवून झाली आहे. आई दिवसातून दोनदा त्याला मांडीवर घेऊन मलम लावते. तो तिच्या हाताला वेटोळं घालून गपगुमान पडून राहतो.

इतकंच. बाकी ठीक.

बाबा

ता. क. डॉक्टरीणबाईंना काही विचारायचं असल्यास त्यांचा नंबर आईकडे आहे, पण त्या फार कामात असतात. त्यांना त्रास देऊ नकोस.


८ जानेवारी

पोरी,

तुझा निरोप आला. या वेळी लांब होता. आईने मला तो मोठ्याने वाचून दाखवला, मग फोन माझ्या हातात दिला, म्हणून मी तो स्वतःही वाचला. 'बाबांना सांग, चूक माझीच आहे. चटई जुनी होती, मी बदलून जायला हवी होती. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.'

सात महिन्यांत तुझ्या निरोपात 'बाबा' हा शब्द पहिल्यांदा आला, तोही माझी माफी मागायला.

तू शिव्या घालशील म्हणून मी तयारीत बसलो होतो. चार उलट उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण तू पुन्हा तेच केलंस, जे तू दोन वर्षांपूर्वी केलं होतंस. मी ढकललेला दोष तू निमूटपणे उचललास आणि वर मलाच धीर दिलास. म्हणून आता खरं लिहितो. आधी मफलरचं लिहितो, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

चटईत काहीही दोष नव्हता. पोटावरची ती नुसती लालीही नव्हती. आणि वेळीच लक्षात आणून देणारा मी नव्हतो. तुझी आई पाणी बदलत होती तेव्हा मफलर काचेवर चढला आणि तिला त्याचं पोट दिसलं. तिने मला हाक मारली. मधले खवले तपकिरी पडले होते, दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड होते आणि एका ठिकाणी कातडी सुटून आली होती. मी म्हणालो, कात टाकायला आला असेल. ती त्याला न्यायला उशीचा अभ्रा शोधायला लागली.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी त्याला उलटा करून पोट बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? सेन्सर कुठे आहे? तुझेच तीन शब्द. मी छाती काढून सांगितलं की हवेत टांगला आहे, पिलाच्या पाठीच्या उंचीवर. एकतीस वर्षांचा अनुभवही ऐकवला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, हवा चौतीसवर यायची वाट बघत तुमची चटई एकदाही बंद झाली नसेल," त्या म्हणाल्या. "पिल्लू वरच्या दिव्याने तापतं. हा पोटाने तापतो. चटई किती तापली ते सेन्सरला कळायलाच नको का?"

मी तरी माघार घेतली नाही. म्हणालो, मग हा उठून बाजूला का नाही गेला? पिलाला ताप लागला की पिल्लू पळतं.

"कुठे जाणार? लपायला तेवढी एकच जागा ठेवली होतीत ना. उघड्यावर पडण्यापेक्षा भाजलेलं परवडलं, असं आहे त्याचं. पाण्यात बसून तो सांगत होता तुम्हाला. आणि पोटाखाली किती तापलं आहे ते त्याला वेळेवर कळतच नाही."

घरी आल्यावर मी चटईवर तळहात ठेवला आणि आकडे मोजायला लागलो. सातला हात उचलला. तो त्यावर तीन आठवडे झोपला होता, आणि गोळा होऊन बसतो म्हणून मी आणखी दोन अंश वाढवले होते. पिलांचा नियम सापाला लावला, कारण मला तेवढा एकच नियम येतो आणि तो येतो याची फार घमेंड आहे. तुझ्या कागदावर हे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, त्याने कुणाला तरी वाचायला तरी लावलं असतं.

हे झालं मफलरचं. इथवर लिहून मी दोनदा उठलो. एकदा नळ बघून आलो, एकदा खिडकी.

'कळतच नाही' हे शब्द मी आधी ऐकले होते. तुझ्या आईच्या पायाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने तेच सांगितलं होतं. वर्षानुवर्षांच्या साखरेने पाय बधिर झाले आहेत, पायाला काही झालं तरी त्यांना कळतच नाही. तू त्यांच्यासमोर वही घेऊन उभी होतीस आणि प्रत्येक शब्द लिहून घेत होतीस. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

तू आईला नवीन बूट आणलेस त्याला या शनिवारी दोन वर्षं होतील. तुला आठवत असेल, सकाळी तू ते तिच्या पायात घातलेस आणि कामाला गेलीस. दुपारी ती म्हणाली, पाय बर्फासारखे झाले आहेत. ऊब द्यायची म्हटल्यावर मी कशाला मागे हटतोय. रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळली, पालथ्या हाताने ताप बघितला आणि तिच्या तळव्यांना लावली. तिचा डोळा लागला. तासाभराने पिशवी निवली तशी मी पुन्हा पाणी उकळलं. दुसऱ्यांदा भरताना टॉवेल गुंडाळायचा राहिला. राहिला म्हणजे ओला झाला होता, दुसरा कपाटात होता आणि मी म्हटलं, मोजे आहेत की पायात. मग मी खाली गेलो. मोटार दुरुस्त करणारा शेजारी बोलावत होता, त्याला शहाणपण शिकवत उभा राहिलो. परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ती अजून झोपलीच होती. तिला कुठे काही दुखत होतं? मी मोजा काढला तर करंगळीपासून तळव्यापर्यंत फोड आलेला.

मी पिशवी रिकामी केली आणि माळ्यावर टाकली. ती उठायच्या आत हे केलं. हे नेमकं असंच लिहायला हवं. मला तेव्हाच कळलं होतं काय झालं आहे. मी गोंधळून काही बोलून गेलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मी आधी पिशवी लपवली आणि मग बोललो.

तू आलीस, पाय बघितलास आणि विचारलंस, हे कशाने झालं? मी म्हणालो, नवे बूट लागले वाटतं.

एवढंच वाक्य होतं. मनात म्हटलं, दोन दिवसांत फोड बसेल, कोण लक्षात ठेवतोय. तो बसला नाही. तिसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, कुठे भाजलं होतं का? तू शेजारी उभी होतीस. मी म्हणालो, नाही, नव्या बुटांनी झालं. भाजलं म्हणून सांगितलं असतं तर पाय वाचला असता की नाही, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. आधी दोन बोटं गेली, मग अर्धा पंजा.

आणि तू कधी एका शब्दाने म्हणाली नाहीस की एका सकाळच्या बुटांनी एवढं कसं होईल. एकदा मी दारातून बघितलं. तू तिच्या पलंगापाशी खाली बसून त्या बुटात हात घातला होतास आणि आतली शिवण बोटांनी चाचपत होतीस. पुढून मागे, मग पुन्हा पुढून. आत कुठे काय टोचलं असेल ते शोधत होतीस. तुझी पाठ माझ्याकडे होती. मी तेव्हा आत आलो असतो, खाली बसलो असतो आणि सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी पाय न वाजवता मागे फिरलो.

त्यानंतर सव्वा वर्ष तू आईचं सगळं केलंस. पट्ट्या बदलल्यास, इंजेक्शनं दिलीस, रजा संपल्या तेव्हा नोकरी सोडलीस. मी मूग गिळून बसलो आणि लोकांना सांगत फिरलो की पोरगी फार करते. मग तुला ही नोकरी लागली. तू बॅग भरत होतीस आणि मला भीती वाटायला लागली, आता घरात मी, तिचा पाय आणि खोटं एवढेच राहणार. त्या भीतीपायी मी दारात उभा राहून म्हणालो, "आईचा पाय घेतलास आणि आता निघालीस."

माझी जीभ झडली कशी नाही? तुझा चेहरा मी बघितला. तू उत्तर दिलं नाहीस, कारण तुला ते खरं वाटलं. मी जगात सगळ्यांशी खोटं बोललो असतो तरी चाललं असतं, पण हे खोटं मी अशा माणसाला सांगितलं ज्याने ते लगेच मान्य केलं.

मला स्वतःची लाज वाटते. वाक्य साधं आहे, पण ते लिहायला मला दोन वर्षं आणि एका मुक्या जनावराचं पोट लागलं. माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मी पुन्हा स्वस्तात सुटेन.

एक अजून राहिलं आहे. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. ती आजही मला सांगत असते, पोरीला बोलू नका, तिने प्रेमाने आणले होते. पत्र टपालात टाकायच्या आधी तिला वाचून दाखवणार आहे. उद्या दुपारी.

बाबा


१३ जानेवारी

पोरी,

मी तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे. दचकू नकोस, आई सुखरूप आहे. आठ तारखेचं पत्र या पाकिटात सोबत आहे. ते आधी वाच. वाचून झालं असेल तर पुढे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या आईसमोर बसलो आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. ती मफलरला मलम लावत होती. मी पिशवीपर्यंत आलो तेव्हा तिचा हात थांबेल असं वाटलं होतं, तो थांबला नाही. सगळ्या फोडांना मलम लावून झालं, मग तिने त्याला पेटीत सोडलं, झाकण लावलं, बोटं पुसली आणि विचारलं, "पाणी उकळतं होतं?"

मी हो म्हणालो.

"मला त्या दुपारी फार छान झोप लागली होती," ती म्हणाली. "मी तुम्हाला तसं सांगितलंही होतं."

सांगितलं होतं. उठल्या उठल्या सांगितलं होतं. हे मी पत्रात लिहायचं टाळलं होतं, तेवढंसुद्धा टाळलं होतं.

त्यानंतर दोन दिवस ती माझं ताट वाढायची, पण माझ्याकडे न बघता. मी माळ्यावरून ती पिशवी काढून कचऱ्यात टाकली, तर ती कचऱ्याकडेही बघेना. तिसऱ्या दिवशी मी पाकिटावर तिकीट चिकटवत होतो तेव्हा ती काठी टेकत आली आणि पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.

"दोन वर्षं तिच्या तोंडावर खोटं बोललात. आता खरं पाकिटातून पाठवता? जा. समोर उभे राहा आणि सांगा."

मी म्हणालो, तिने दारात उभं केलं नाही तर?

"तर दाराबाहेर उभे राहा. मला आत्ता फोन उचलून तिला सांगावंसं वाटतंय, पण ते मी करणार नाही. तुमचं ओझं मी वाहणार नाही. माझ्या पायाचं काय करायचं ते आपण नंतर बघू. आधी ती."

'नंतर बघू' म्हणजे काय, हे मला माहीत नाही. तिने मला माफ केलेलं नाही, एवढं माहीत आहे. बॅग मात्र तिने भरून दिली. तिला शेजारीण सोबतीला आहे.

मफलर वाचेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन-तीन वेळा कात टाकेपर्यंत डाग राहतील, काही कायमचे राहतील. सेन्सर चटईला चिकटवला आहे. दोन्ही घरं आपापल्या बाजूला आहेत. हल्ली तो गार बाजूच्या घरात असतो. डाव्या बाजूला अजून फिरकत नाही. त्याला मी दोष देत नाही.

फाटकावरच्या बाईंनी मला तीन वेळा हटकलं. चौथ्यांदा चहा आणून दिला. कुणाला भेटायचं आहे, विचारलं. तुझं नाव सांगितलं. तुम्ही तिचे कोण, विचारलं, तेव्हा मला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की त्या वहीतून मान वर करून बघायला लागल्या. हे पाकीट त्या आत पोहोचवणार आहेत. तुमची सुट्टी पाचला होते म्हणे, आणि मागच्या बाजूलाही एक फाटक आहे. तिथून गेलीस तरी मला कळणार नाही आणि मी विचारणारही नाही. आज पाचपर्यंत बसेन, उद्या सकाळी पुन्हा येऊन बसेन. या गावात मला दुसरं काही काम नाही.

पण आलीस तर मी काय बोलणार ते लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी शब्द फिरवायला मला जागा राहणार नाही. मी उभा राहून सांगेन की पिशवी माझी होती, पाणी मी उकळलं होतं आणि तुझ्याबद्दल मी खोटं बोललो. आणि त्या दिवसातली एक गोष्ट तुझी होती, ती मी तुला कधी पोहोचू दिली नाही. तू कामाला गेल्यावर तुझ्या आईने ते बूट घालून सगळ्या घरभर फेऱ्या मारल्या होत्या. स्वयंपाकघर, बाल्कनी, पुन्हा बैठकीची खोली. मला म्हणाली, पोरीला फोन लावा, तिला सांगायचंय की बूट अगदी मापाचे आहेत, कुठेच लागत नाहीत. मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, संध्याकाळी येईलच ती, तेव्हा सांग.

बाबा